तुम्ही पडून राहा

१

माझे कान सुपासारखे होते. हे मी स्वतःहून सांगते, कारण दुसऱ्याने सांगितलं की माझं डोकं फिरतं. "वारा सुटलाय, हिला आत घ्या, उडून जाईल," हा विनोद दादाने मी सहा वर्षांची असताना शोधून काढला आणि पुढची तीस वर्षं तो त्याच एका विनोदावर जगला. माझ्या लग्नातसुद्धा त्याने तो केला. सगळे हसले. मीही हसले, आणि नंतर उशीत तोंड खुपसून त्याला येतील तेवढ्या शिव्या घातल्या.

नशिबाने पोटापाण्याचं कामही कानांचंच दिलं. मी कानाच्या मशीनच्या दुकानात काम करते. लोकांचं ऐकू येणं तपासायचं आणि मशीन ठरलं की त्यांच्या कानाचा साचा घ्यायचा. आधी दोरा बांधलेला स्पंजचा बारीक तुकडा आत सरकवायचा, मग पिचकारीने मऊ गुलाबी लगदा भरायचा. पाच मिनिटांत तो रबरासारखा घट्ट होतो. ओढून काढला की कानाच्या आतल्या वाटेचा हुबेहूब नमुना हातात येतो. ती वाट कोणाची कोणाशी जुळत नाही. एकाच माणसाच्या डाव्या-उजव्याचीही जुळत नाही.

शिकाऊ माणसाने पहिला साचा स्वतःच्या कानाचा घ्यायचा, अशी आमच्यात पद्धत आहे. माझ्या डाव्या कानाचा तो साचा अठरा वर्षं माझ्या किल्ल्यांना लटकतो आहे. घाबरट गिऱ्हाईक आलं की मी तो स्वतःच्या कानात घालून दाखवायची, "बघा, काही दुखत नाही." चपखल बसायचा. कान मागे बसवून घेण्याच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशीसुद्धा एका आजोबांना मी तो बसवून दाखवला होता. आजोबांनी साच्याकडे बघितलंच नाही. माझ्या कानांकडे टक लावून ते म्हणाले, "तुमचं बरंय हो बाई. तुम्हाला वरूनच मशीन बसवून पाठवलंय."

बेचाळिसाव्या वर्षी हे खूळ कशाला, असं ज्याला विचारायचं असेल त्याने आधी त्या आजोबांकडे जावं आणि मग दादाकडे.

२

भूल फक्त कानांपुरती होती. कुशीवर झोपवलं, तोंडावर हिरवं कापड टाकलं. कापडाला एक गोल भोक होतं आणि त्यातून एकेका वेळी एकच कान बाहेर. कानामागे चीर द्यायची, आतली कूर्चा मागे वाकवायची, टाके घालायचे. दुखलं नाही, पण ऐकू सगळं येत होतं. सर्जनच्या स्टुलाचं एक चाक करकरायचं. कोपऱ्यातला नळ टपकत होता, दोन थेंब लागोपाठ आणि मग एक उशिरा. कात्री ट्रेमध्ये पडली की बारीक आवाज व्हायचा. मला आवाज मोजायची सवयच आहे, म्हणून मी ते मोजत पडले होते.

"झालं. उठा हळूच," सिस्टर म्हणाली.

मी उठून बसले. डोक्याभोवती जाडजूड पट्टी होती. पाय खाली सोडले, चप्पल शोधली. तेवढ्यात पाठीमागे सिस्टरचा तोच आवाज आला, तसाच समजुतीचा, "तुम्ही नका उठू. तुम्ही पडून राहा."

खोलीत टेबल एकच होतं. त्यावर मीच होते, आणि मी तर उठले होते.

"कोणाला म्हणालात?" मी विचारलं.

"तुम्हालाच. उठा म्हटलं ना."

"त्याच्यानंतर?"

"त्याच्यानंतर कुठे काय म्हणाले?"

तिने सर्जनकडे बघितलं. तो हातमोजे काढत हसला. "भुलीने होतं असं थोडं. सगळं नॉर्मल आहे."

भूल कानाला दिली होती, डोक्याला नव्हे. एवढं मलाही कळतं. पण नव्या कानांच्या आनंदात भांडण नको म्हणून मी गप्प बसले. आयुष्यात फार कमी वेळा गप्प बसले आणि त्यातली ही एक वेळ.

३

पट्टी सात दिवस ठेवायची होती. दुसऱ्या दिवशीपासून डाव्या कानात नळ टपकायला लागला.

"नळ बंद कर ना नीट," मी नवऱ्याला म्हटलं.

"बंदच आहे."

"टपकतोय."

तो उठला, सगळे नळ आवळून आला आणि पुन्हा बसला. दोन थेंब लागोपाठ, मग एक उशिरा. संध्याकाळी करकर ऐकू आली. आमच्या घरात चाकाचं काहीच नाही, तरी मी पलंगाखाली वाकून बघितलं. घट्ट पट्टीखाली स्वतःच्या रक्ताचा आवाज येतो, सूज असली की आणखी येतो, हे मी रोज गिऱ्हाइकांना सांगते. तेच मी स्वतःला सांगितलं. गिऱ्हाइकं माझं ऐकून किती वैतागत असतील ते तेव्हा कळलं.

सर्जनला फोन केला. "नॉर्मल आहे," तो म्हणाला. त्याला भूकंप झाला म्हणून सांगितलं असतं तरी तो हेच म्हणाला असता.

सातव्या दिवशी पट्टी निघाली. नवरा आणि खारू, म्हणजे आमची मुलगी, दोघं बरोबर होते. आरशात बघितलं आणि मला हुंदका आला. कान डोक्याला लागून, शहाण्यासारखे. मी केस मागे बांधले. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा चारचौघांत केस मागे बांधले.

खारू माझ्यामागे आरशात उभी होती. सोळा वर्षांची आहे. तिला माझेच कान मिळालेत, आणि माझ्यासारखेच तिनेही ते केसांखाली दडवलेले असतात. नुसती बोटं मोडत उभी होती, कट् कट् कट्. तिच्या त्या सवयीवरून मी दिवसातून दहा वेळा तिला ओरडते. मग तिने दोन्ही तळव्यांनी आपले कान मागे दाबून धरले आणि म्हणाली, "आई, मला पण."

त्या क्षणी तिला जवळ घ्यायला हवं होतं. तुझे कान छान आहेत, असं म्हणायला हवं होतं. पण ज्या बाईने नुकतेच स्वतःचे कापून घेतले ती हे कोणत्या तोंडाने म्हणणार? मी म्हटलं, "सुट्टी लागली की तुझंही करू." नुसतं म्हणून थांबले नाही. तिथेच फॉर्म मागवला आणि सही ठोकली. पोरीच्या कपाळी ते मी माझ्या हाताने लिहिलं, आणि वर हसत हसत.

४

कामावर रुजू झाले त्या दिवशी पहिलंच गिऱ्हाईक घाबरट निघालं. मी सवयीने किल्ल्या काढल्या, साचा कानात घालायला गेले आणि तो अडला.

बाहेरचा वाटीसारखा भाग बसणार नाही, हे मला मान्य होतं. वाटीच तर मागे वळवली होती. म्हणून दुपारी मी पातं घेतलं आणि तो भाग कापून टाकला. उरलं ते आत जाणारं टोक. आत कोणी हात लावलेला नव्हता, ना सर्जनने, ना सिस्टरने. तरी टोक पहिल्या वळणालाच थटलं. उलटं करून बघितलं. उजव्या कानात घालून बघितलं. सूज, म्हटलं. मग स्वतःच्या डाव्या कानाचा नवीन साचा घेतला आणि दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. जुन्याची वाट आधी वर जाऊन पुढे वळते. नव्याची आधी खाली जाते.

शंभर साच्यांत हे दोन मिसळले असते, तर हे वेगवेगळ्या बायकांचे आहेत असं मी डोळे मिटून सांगितलं असतं.

मग मी तपासणीच्या खोलीत गेले. छोटी, फोमने मढवलेली खोली. दार लावलं की स्वतःचे डोळे मिटल्याचाही आवाज येईल इतकी शांत. हेडफोन लावले, तपासणी केली. दोन्ही कान उत्तम. आलेख सरळ रेषेत, माझ्या वयाला साजेल त्याहून चांगला. मशीन बंद केलं आणि नुसती बसून राहिले.

नळ. करकर. आणि त्या दोन्हींच्या मागे कोणाचातरी श्वास. मी श्वास रोखला. तो चालूच राहिला.

तो आजारी माणसाचा नव्हता. सांगितलं म्हणून पडून राहिलेल्या आणि आता कंटाळलेल्या माणसाचा होता. मी हेडफोन आपटले, बाहेर आले आणि रिपोर्टवर नेहमीप्रमाणे शिक्का मारला. खाली सही केली. सही करण्यात मला काय धन्यता वाटते देव जाणे.

५

"खारूचं ऑपरेशन करायचं नाही," मी घरी सांगितलं. "मी सही मागे घेतली आहे. फोन करून सांगितलंय त्यांना."

नवऱ्याने कारण विचारलं. मी नळ सांगितला, श्वास सांगितला, दोन्ही साचे त्याच्यासमोर ठेवले. त्याने ते दाणे निवडावेत तसे बोटाने इकडेतिकडे केले. मग माझ्या पर्समधून माझाच रिपोर्ट काढला.

"हा कोणी काढला?"

"मी."

"काय लिहिलंय?"

मी दोन्ही साचे मुठीत गोळा केले.

"तुझ्याच हाताने लिहिलंयस, सगळं नॉर्मल म्हणून. आता पोरीने कशावर विश्वास ठेवायचा, तुझ्या रिपोर्टवर की तुझ्या रागावर?"

"माझ्यावर," मी ओरडले. "माझ्यावर ठेवा! लोकांना ऐकू येतंय की नाही हे मी सांगते, सगळं गाव मानतं. घरात मात्र माझ्या बोलण्याकडे कानाडोळा!"

खारू दारात उभी होती. "तुला हवं होतं तेव्हा ते चांगलं," ती थंडपणे म्हणाली, "आणि मला हवंय तर वाईट. तुला आता केस मागे बांधता येतात ना आई? मग झालं तर."

तिचं काहीही चूक नव्हतं. म्हणूनच मी आणखी चिडले आणि म्हणाले, "माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही." ती खोलीत गेली. दाराआडून बोटं मोडल्याचा आवाज आला, दहाच्या दहा. त्यानंतर दोन आठवडे घरात शांतता होती. ती शहाणपणाची शांतता आहे असं मला वाटलं. दोघं बापलेक गुळपीठ करून माझ्या पाठीमागे, बापाच्या सहीने, तारीख ठरवत होते, हे मला कसं कळावं?

कळलं ते असं. सकाळी अकराच्या सुमाराला मी एका बाईंच्या कानात लगदा भरून पाच मिनिटं थांबले होते. डाव्या कानात नळ होताच, त्याची आता सवय झाली होती. तेवढ्यात भिंतीपलीकडून यावा तसा आवाज आला. कट् कट् कट्.



"आईला कळणार नाही ना?" खारूचा आवाज.

"संध्याकाळी घरी गेलो की मी सांगतो," नवऱ्याचा.

"काही काळजी करू नका," तिसरा म्हणाला. "सगळं नॉर्मल आहे."

बाईंच्या कानात लगदा तसाच सोडून मी पळाले. त्या मागून हाका मारत होत्या.

६

हॉस्पिटलात शिरले तशी रिसेप्शनवरची मुलगी "मॅडम, मॅडम" करत उठली. मी थांबले नाही. आतला बोळ लांब होता, फरशी गुळगुळीत, आणि माझ्या एका चपलेचा तळ सुटलेला आहे, तो चट् चट् वाजतो.

बोळाच्या मध्यावर मला तो चट् चट् दोनदा ऐकू यायला लागला. उजव्या कानात पायाखालून. डाव्या कानात लांबून, दाराच्या बाहेरून, कोणीतरी आपल्या दिशेने चालत येतंय तसा. मी थांबले. दोन्ही थांबले. हातातल्या किल्ल्या हलवल्या. इकडे खळखळल्या, तिकडे दाराआड बारीक किणकिणल्या.

"खारू!" मी हाक मारली. माझीच हाक मी आतून ऐकली. बोळात कोणीतरी बाई ओरडते आहे, अशी.

डावीकडचं दार हातभर उघडं होतं. माझं ऑपरेशन झालं ती हीच खोली. खिडकीवर पडदा ओढलेला होता. कोपऱ्यात नळ, टेबलाशी स्टूल. टेबलावर हिरव्या कापडाखाली कोणीतरी भिंतीकडे तोंड करून पडलेलं होतं. कापडाच्या भोकातून एक कान बाहेर आला होता. डावा. सुपासारखा. आरशासमोर आरसा धरून चाळीस वर्षं ज्याला शिव्या घातल्या तो.

मी त्या खोलीत जायला नको होतं. माझी मुलगी दहा पावलांवर होती, दारं ठोठावत तिला शोधायला हवं होतं. पण मी साच्यांची बाई. मला एकच सुचलं, बसतो का ते बघू या.

कापून उरलेलं टोक मी त्या कानात घातलं. आधी वर, मग पुढे. चपखल बसलं.

आणि माझ्या डाव्या कानात शांतता झाली. नळ गेला, करकर गेली, श्वास गेला. इतक्या आठवड्यांनी पहिल्यांदा. मला इतकं बरं वाटलं की मी तशीच डोळे मिटून उभी राहिले. मिनिटभर असेन, असं मला वाटलं.

"मॅडम? इथे काय करताय?"

सिस्टरने दिवा लावला. टेबलावर धुतलेल्या चादरींच्या घड्या होत्या आणि माझा हात किल्ल्यांसकट त्यांच्यात खुपसलेला होता. "ही खोली हल्ली सामान ठेवायला आहे," ती म्हणाली. "तुम्ही मुलीसाठी आलात ना? झालं की तिचं. आत्ताच बाहेर आणलं."

मी किल्ल्या ओढून घेतल्या. नळ पुन्हा सुरू झाला. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून गेला होता.

मुलगी दोन मजले वर असती आणि मी जिन्यात पडले असते, तरी स्वतःला माफ केलं असतं. मी दहा पावलांवर उभी राहून शांतता चाखत होते, याला माफी नाही.

७

आज चौथा दिवस. मी नवऱ्याशी बोलत नाही. तो चहा करून आणतो आणि मी तो गार होऊ देते. संताप करण्यासारखी माणसं घरात दोन आहेत, आणि दुसरी मी आहे.

खारू खिडकीपाशी पडून असते, डोक्याला पट्टी. फार गुणी झाली आहे. औषध हाक न मारता घेते, "थँक यू, आई" म्हणते. दोन्ही हात पांघरुणावर सरळ ठेवलेले असतात. मी दुपारभर त्या हातांकडे बघत बसले. एकदाही बोट मोडलं नाही.

"मोड ना बोटं," मी शेवटी म्हटलं. "मी नाही ओरडणार."

"कशाला?" ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "आई, नळ टपकतोय कुठेतरी."

मी उठले. स्वयंपाकघरातला, न्हाणीघरातला, गच्चीवरचासुद्धा नळ आवळून आले. पुन्हा तिच्या उशाशी बसले आणि तेवढ्यात डाव्या कानात ऐकू आलं. कट् कट् कट्. या वेळी भिंतीपलीकडून नाही, अगदी शेजारून.

"आई, आपण घरी कधी जायचं?"

समोरच्या खारूचे ओठ मिटलेले होते. तीही ऐकत होती, मान किंचित कलती करून.

"जाऊ हं," तिकडून उत्तर आलं. "मी आहे ना इथे. मोड बोटं, मोड. मी नाही ओरडणार."

आवाज माझाच होता. फक्त त्यात राग नव्हता. बेचाळीस वर्षांत माझ्या आवाजात इतकी माया मी ऐकली नव्हती. ती त्या बाईकडे होती, सगळीच्या सगळी. मला तिचा इतका मत्सर वाटला की दातावर दात घट्ट बसले.

"आई," तिकडची खारू कुजबुजली, "कोणीतरी ऐकतंय गं आपलं."

"ऐकू दे. ऐकून काय करणार आहेत त्या दोघी?"

मी इकडच्या मुलीचा हात हातात घेतला. तिने तो काढून घेतला नाही. आम्ही दोघी ऐकत बसलो.